आवाजाचे नाना

आळीत कुणी नवी गाडी घेतली की पेढे नानांच्याही घरी जातात. नाना पेढा खातात, गाडीभोवती एक चक्कर मारतात, "छान आहे" म्हणतात आणि घरात निघून जातात. नव्या गाडीत त्यांना रस नसतो. ती अजून बोलायला लागलेली नसते. साठ-सत्तर हजार किलोमीटर होऊ द्या, एखादा बुश झिजू द्या, खालून कुठून तरी खुडखुड सुरू होऊ द्या. मग त्याच गाडीचा मालक फाटकाशी थांबलेला दिसला की नाना चहा अर्धा टाकून बाहेर येतात. येताना चष्मा घरातच ठेवतात. का म्हणून विचारलं तर म्हणतात, "डोळे मधे आले की कान आळशी होतात."

कऱ्हाडला आमच्या आळीत नाना आहेत, तसा कुणी ना कुणी प्रत्येक सोसायटीत, प्रत्येक एस.टी. स्टँडमागच्या गॅरेजबाहेर असतोच. तो मेकॅनिक नसतो. त्याची नखं स्वच्छ असतात. त्याला कुणी बोलावलेलं नसतं आणि त्याला जा म्हणायचा धीरही कुणाला होत नाही, कारण तो जे सांगतो त्यातलं निम्मं खरं असतं. अडचण एवढीच, की कुठलं निम्मं ते बिल आल्यावर कळतं.

आमचे नाना हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झाले. स्वतःची गाडी म्हणाल तर एक प्रीमियर पद्मिनी आहे, मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली. तिचा कसलाही आवाज येत नाही. ती चालतच नाही.

नानांच्या मते मोटारीच्या इतिहासाचे दोनच कालखंड: डिसेंबर १९८३ च्या आधीचा आणि नंतरचा. आधीच्या काळात पद्मिनी, अँबॅसिडर, जीप. इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना. त्यामुळे इंजिनाची ताकद क्लचमधून गिअरबॉक्समध्ये, तिथून लांबलचक प्रॉपेलर शाफ्टमध्ये, शाफ्टच्या दोन टोकांच्या दोन क्रॉसमधून डिफरन्शियलमध्ये, आणि तिथे काटकोनात वळून एकदाची चाकापर्यंत. वाटेतल्या प्रत्येक सांध्याला झिजायचा हक्क आणि प्रत्येक झिजेला स्वतःचा आवाज. मग मारुती ८०० आली. तिचं इंजिन आणि गिअरबॉक्स नाकाडातच आडवे बसवलेले, आणि ओढायचं काम पुढच्या चाकांना. मागे राहिलं काय? दोन चाकं आणि डिकी. "मागचा निम्मा अभ्यासक्रमच वगळला हो," असं नाना अजून म्हणतात, आणि त्या वेळी त्यांच्याकडे बघवत नाही.

म्हणूनच शेजारच्या बापूंची जीप मागून वाजायला लागली तेव्हा नाना आठ दिवस दहा वर्षांनी तरुण दिसत होते.

बापूंची शेती पाटणच्या बाजूला. जीप जुनी, पण खंबीर. चढाला क्लच घसरायला लागला म्हणून त्यांनी नवी क्लचप्लेट टाकून घेतली. क्लचप्लेट टाकायची तर गिअरबॉक्स खाली घ्यावा लागतो आणि गिअरबॉक्स खाली घ्यायचा तर आधी प्रॉपेलर शाफ्ट सोडावा लागतो. काम झालं, संध्याकाळी जीप दारात आली. सकाळी बापूंनी पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि मागून आवाज आला: ठक्क! एकदाच. मग काही नाही. रिव्हर्स टाकला, पुन्हा ठक्क!

क्लच सोडल्यापासून तिसऱ्या मिनिटाला नाना फाटकात होते. बनियन, लुंगी, चष्मा नाही.

"काय होतंय, बापू?"

"मागनं कायतरी वाजतंय."

अशा उत्तराला नाना शाळेत शून्य देत असत. इथे त्यांनी उलटतपासणी सुरू केली. "ठक्क की ठकठक?" ठकठक असेल आणि ती खड्ड्यातच येत असेल, तर पाट्यांचे बुश किंवा शॉकअपचं रबर, त्याचा नि काल केलेल्या कामाचा संबंध नाही. "न्यूट्रलला गाडी घरंगळते तेव्हा घूं घूं येतं?" ते वेगाबरोबर वाढत असेल तर चाकाचं बेअरिंग. "ॲक्सिलरेटर सोडल्यावर आवाजाचा सूर बदलतो?" मग क्राऊन-पिनियन, आणि मग देवाचं नाव घ्या. "वळतानाच कटकट होते?" तर डिफरन्शियलच्या पोटातली छोटी चाकं, वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त पळावं लागतं, तेव्हाच ती कामाला लागतात, सरळ रस्त्यावर झोपलेली असतात. "हळू चालवताना चिमणीसारखं चिक्-चिक्?" तर क्रॉस कोरडा पडलाय, ग्रीस मागतोय.

बापू माजी सरपंच. गंभीर माणूस. पण नानांच्या प्रश्नाला नुसतं "तसलंच कायतरी" चालत नाही. आवाज काढून दाखवावा लागतो. तेव्हा भर सकाळी, दुधाचा रतीब घालणारा थांबलेला असताना, बापूंनी रस्त्याच्या मधोमध उभं राहून तोंडानं "ठक्क" केलं. नानांनी मान हलवली. "जड होता का हलका?" बापूंनी जरा जड केलं. "आणि शेवटी लोखंड घुमल्यासारखं?" बापूंनी शेवटी घुमवलं. दूधवाल्यानं घरी जाऊन सांगितलं असावं, कारण दुपारपर्यंत बापूंना वारं गेल्याची बातमी मळ्यापर्यंत पोचली होती.

मग चाचणी-फेरी. नाना पुढे बसत नाहीत. मागच्या आडव्या बाकावर बसून एक तळवा पत्र्यावर ठेवतात आणि डोळे मिटतात. सवाई गंधर्वला जाणकार श्रोता समेची वाट बघत बसावा, तसा चेहरा होतो. क्लच सुटला, ठक्क आला, की नानांच्या तोंडून नकळत "आहा" निघतं. पैसे आपले जाणार आहेत हे ठाऊक असलेल्या बापूंना ते "आहा" फार लागलं.

नदीच्या पुलाकडच्या सरळ रस्त्यावर जीप पन्नास-साठला पोचली आणि सीटखाली बारीक थरथर सुरू झाली. नानांनी डोळे उघडले. "दोन आहेत," ते म्हणाले.

"काय दोन?"

"दोष. ठक्क वेगळा, थरथर वेगळी. एकाच घरातले दिसतात, पण सख्खे नाहीत."

निदान त्यांनी तेव्हा सांगितलं नाही. निदान लगेच सांगणं नानांना पटत नाही आणि त्याला त्यांच्याकडे दाखला आहे. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानं स्प्रिंगचा नियम १६७६ साली अक्षरांची उलथापालथ करून कोड्यासारखा छापला आणि १६७८ साली उलगडून सांगितला. दोन वर्षं! आणि गंमत म्हणजे जीपच्या शाफ्टला जो क्रॉस असतो, त्या जातीच्या जोडालाही या हूकचंच नाव आहे. म्हणजे पाट्यांची लवचीकताही त्याची आणि शाफ्टचा सांधाही त्याचा. "मागचा सगळा भाग हूकच्या सातबाऱ्यावर आहे," नाना म्हणाले. बापूंनी विचारलं, "मग दुरुस्तीचं त्यालाच सांगायचं का?"

काम जिथे झालं होतं त्याच गॅरेजला जीप गेली. तिथला मिस्त्री नानांचा माजी विद्यार्थी, त्यामुळे त्याला नानांना हाकलता येत नाही आणि ऐकताही येत नाही. त्यानं पुढच्या चाकांना दगड लावले, मागची बाजू जॅकवर घेऊन स्टँड दिले, न्यूट्रल केलं आणि पोऱ्याला घेऊन तो खाली सरकला. नाना खुर्चीवर बसून वरून सांगू लागले.

"शाफ्ट हातात धर. उलटसुलट फिरव. शाफ्ट हलतो आणि फ्लँज हलत नाही, असं असेल तर क्रॉस गेला. दोन्ही बरोबर हलले तर ढिलाई पुढे, डिफरन्शियलमध्ये. आणि तिकडं फट थोडी असली तरी इथं मोठी वाटते हं, घाबरू नकोस. चाक एकदा फिरायला शाफ्ट चारेकदा फिरतो. म्हणजे ॲक्सलपाशी जेवढी ढिलाई, तिच्या चौपट इथं हाताला लागते."

"व्हय सर," खालून आवाज आला. त्यापाठोपाठ पान्याचा.

इथे नानांनी आपला मुख्य सिद्धांत मांडला, आणि तो खरोखर ऐकण्यासारखा होता. गाडीवर काम झाल्यानंतर आलेला आवाज दोन जातींचा असतो. एक, कामात काही राहून गेलं म्हणून आलेला. दुसरा, पहिल्यापासून होताच, पण कामामुळे उघडा पडलेला. जुनी क्लचप्लेट घसरत घसरत पकडायची. ताकद मागे पोचायची ती हळूच, सगळ्या फटी एकेक करून भरत. नवी प्लेट कचकन पकडते. मग गिअरचे दात, शाफ्टच्या खाचा, क्रॉस, क्राऊन-पिनियन, ॲक्सल यांच्या सगळ्या फटी एका क्षणात मिटतात आणि त्यांचा मिळून एक ठक्क होतो. "म्हणजे आवाज जुना, क्लच नवा," नाना म्हणाले. "मिस्त्रीला दोष द्यायच्या आधी हे बघायला हवं."

मिस्त्री त्याच वेळी जीपखालून बाहेर आला आणि त्यानं स्वतःच स्वतःला दोष दिला. मागच्या फ्लँजच्या चारांपैकी दोन बोल्टना स्प्रिंग वॉशर नव्हते आणि ते नुसते हातानं फिरवून सोडलेले होते. शिवाय शाफ्टचा मधला सरकता जोड चिखलानं भरला होता; त्यावरच्या दोन बाणांच्या खुणा न पाहताच पोऱ्यानं तो दोन-तीन खाचा चुकवून बसवला होता. दोन टोकांचे योक एका रेषेत नव्हते.

"थरथर!" नाना खुर्चीतून उठले. "बापू, एक क्रॉस वाकून फिरायला लागला की शाफ्टच्या एका फेऱ्यात दोनदा वेग कमीजास्त करतो. दुसरा क्रॉस तो हिशेब मिटवतो. पण योक एका रेषेत असले तरच. नाहीतर मिटवायच्या ऐवजी वाढवतो. बोल्ट आवळायच्या आधी आपण एक चाचणी—"

"दोन्ही केलं की सर," मिस्त्री म्हणाला. "बाण जुळवले, वॉशर घातले, बोल्ट आवळले."

नाना खाली बसले. माणसाचं काम होऊनही त्याचं नुकसान कसं होतं, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं.

"दोन्ही एकदम?"

"व्हय."

"अरे, पण मग कळणार कसं, कशानं काय गेलं ते?"

"गेल्याशी मतलब, सर."

इथे खरं भांडण आहे, आणि ते या जातीच्या माणसाचं साऱ्या जगाशी आहे. मिस्त्रीला आवाज घालवायचा असतो. नानांना तो समजून घ्यायचा असतो. नंतर गेला तर त्यांची हरकत नसते. एका वेळी एकच बदल, हा प्रयोगशाळेचा नियम. गॅरेजचा नियम असा, की एकदा जीपखाली गेलंच आहे तर हाताला लागेल ते सगळं आवळून घ्यावं. दोघांचंही बरोबर आहे आणि दोघांचेही पैसे बापूच देतात.

बापू चहा सांगायला गेले. तेवढ्यात नाना मिस्त्रीशी हळू आवाजात काही बोलले. मिस्त्रीनं आधी मान हलवली, मग रस्त्याकडे पाहिलं, मग पाना घेऊन पुन्हा खाली गेला. मागचे तेच दोन बोल्ट त्यानं ढिले केले, जीप खाली घेतली आणि गॅरेजच्या आतच हात-दीड हात पुढेमागे केली.

ठक्क!

मास्तर आणि विद्यार्थी एकमेकांकडे बघून हसले. बापू चहाचे ग्लास घेऊन दारात उभे होते. "परत आला?" त्यांचा आवाज चिरकला.

"आणला," नाना म्हणाले. "आता हा बोल्टांचाच, हे सिद्ध झालं." मग थरथरीसाठी शाफ्ट पुन्हा चुकीचा बसवून बघावा का, असा विषय निघाला. बापूंनी ग्लास खाली ठेवले आणि हात जोडले. थरथर बाणांमुळेच होती हे नानांनी मोठ्या मनानं प्रयोगाशिवाय मान्य केलं.

बोल्ट पक्के झाले, जीप बाहेर आली. पुलापर्यंत फेरी झाली. ठक्क नाही, थरथर नाही. बापूंनी खिशात हात घातला. एवढ्यात नानांनी बोट वर केलं. "एक बारीक टुक राहिलाय. क्लच सोडताना. ऐका."

कुणालाच काही ऐकू आलं नाही. नानांनी समजावलं, की तो चालायचाच. क्राऊन आणि पिनियनच्या दातांत मिलीमीटरच्या एक-दोन दशांशाएवढी फट मुद्दाम ठेवलेली असते. तेल शिरायला आणि गरम होऊन फुगायला जागा लागते. बाकीचं म्हणजे वयोमानानं आलेली ढिलाई. जुना क्लच ती झाकायचा, नवा झाकत नाही. त्याला हात लावू नका, काही होत नाही. असं सांगून नाना तृप्त मनानं घरी गेले, चष्मा लावला आणि पेपर उघडला.

चार दिवसांनी बापू पाटणला निघाले. शेजारी काकू, मागे मी. कऱ्हाड सोडल्यावर बापूंनी टेप बंद केला. मग काच वर घेतली. गिअर बदलताना मान थोडी वाकडी करू लागले. एका गतिरोधकापाशी त्यांनी गाडी मुद्दाम थांबवली आणि दोनदा पहिल्यातून रिव्हर्समध्ये नेली. मागच्या ट्रॅक्टरनं हॉर्न दिला.

"ऐकलंस?" बापूंनी काकूंना विचारलं. "टुक."

"मघापासून तेच ऐकतेय," काकू म्हणाल्या. "गाडी गप्प आहे हो. तुम्हीच वाजताय."