सोसायटीचा पूलवाला

सोसायटीचा पूलवाला पुणे-ठाण्याकडच्या, क्लब हाउस असलेल्या गृहसंकुलांत आढळतो. करारपत्रात तो ‘पूल ऑपरेटर’ असतो, मुलांच्या तोंडी ‘पूलवाले काका’. त्याला पोहता येतेच असे नाही. विचारल्यास ‘आपलं काम काठावरचं’ असे उत्तर मिळते.

त्याचे खरे रूप वळवाच्या पावसानंतर दिसते. पाणी गढूळ झाले की रात्री तो तुरटी मारून पंप बंद ठेवतो. तुरटीमुळे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटतात, जड होतात आणि सकाळपर्यंत तळाशी दुधावरच्या सायीसारखे बसतात. ही साय न फाटता उचलणे म्हणजे व्हॅक्युम मारणे. त्यासाठी तो आधी पाइप पाण्यात बुडवून त्यातली हवा काढतो. शेवटचा बुडबुडा येईपर्यंत त्याच्याशी बोलण्यात अर्थ नसतो, कारण पंपाने हवा घेतली की सकाळ गेली. मग ब्रश तळावरून वरातीच्या चालीने सरकतो. घाई केली तर साय उडते आणि रात्रभराची तुरटी फुकट जाते. काठावरून ‘जरा लवकर आटपा’ म्हणणाऱ्या सभासदासाठी तो वेग आणखी कमी करतो. हा त्याचा एकमेव सूड.

वाळूच्या फिल्टरला एक झडप असते, तिच्या मुठीला बहुधा सहा जागा. त्यातली ‘वेस्ट’ ही पूलवाल्याची लाडकी. मूठ तिथे नेली की पाणी वाळूत न शिरता थेट गटारात जाते. तुरटीचा गाळ वाळूत घातला तर काही तिथेच चिकटून बसतो आणि उरलेला वाळूतून निसटून पुन्हा टाकीत येतो. मूठ फिरवताना पंप बंद हवा, नाहीतर आतले रबर फाटते. हे त्याला कुणी शिकवलेले नसते. एक रबर फाटलेले असते.

‘वेस्ट’चा शत्रू म्हणजे सोसायटीचा खजिनदार. बारा मीटर बाय सहा मीटरच्या टाकीची पातळी १० सेंटिमीटर उतरली की ७,२०० लिटर पाणी जाते, म्हणजे १०,००० लिटरच्या टँकरचा मोठा हिस्सा. खजिनदार हा हिशेब तोंडी करतो आणि ‘अर्धं तरी फिल्टरमधून काढा’ असा तोडगा सुचवतो. पूलवाला वाद घालत नाही. अर्ध्या वाटेवर मूठ फिरवतो, आणि थोड्याच वेळात भिंतीतल्या नळ्यांतून पांढरट धूर टाकीत परततो. रात्री पुन्हा तुरटी, सकाळी पुन्हा ‘वेस्ट’. शेवटी टँकर येतोच. पूलवाल्याचा पगार महिन्याचा असल्याने त्याची यास हरकत नसते.

मुरलेला पूलवाला मात्र आदल्या संध्याकाळी नळ चालू ठेवून ‘विसरतो’. टाकी काठोकाठ भरते आणि सकाळी पाणी कमी झाल्याचे कुणाच्या डोळ्यांवर येत नाही. क्लोरीन आणि पीएच तो दोन छोट्या नळ्यांत पाणी घेऊन, पिवळा आणि लाल रंग आभाळाकडे धरून तपासतो. वहीत पीएच नेहमी ७.४ असतो, एकाच पेनाने, कधी कधी उद्याच्या तारखेलाही.

साडेसहाच्या बॅचचे आजोबा पायरीवर उभे राहून ‘आज पाणी खाली गेलंय का हो?’ असे विचारतात. एप्रिलातसुद्धा दिवसाला जेमतेम सेंटिमीटरभर पाणी उडते. पूलवाला पाइप गुंडाळता गुंडाळता सांगतो, ‘ऊन बघा ना काका किती आहे.’