आकडा फुगतो, दूध तेवढंच

अमेरिकेत मुलाकडे राहायला गेलेल्या आजोबांच्या वाट्याला तीन कामं हमखास येतात: डिशवॉशर लावणं, नातीला शाळेच्या बसवरून आणणं आणि तिचा गणिताचा गृहपाठ घेणं. पहिली दोन निभावतात. तिसऱ्यात गॅलन आडवा येतो.

चौथी-पाचवीच्या सुमारास तिथली शाळा मुलांकडून द्रवाची जुनी मापं घोटून घेते. दोन कपांचा पाइंट, दोन पाइंटांचा क्वार्ट, चार क्वार्टांचा गॅलन. लक्षात राहावं म्हणून कागदभर इंग्रजी 'जी' काढायचा, त्याच्या पोटात चार 'क्यू', प्रत्येक 'क्यू'त दोन 'पी', प्रत्येक 'पी'त दोन 'सी'. ते चित्र मला थेट जुन्या एकत्र कुटुंबाच्या फोटोसारखं दिसतं: चार मुलगे, आठ नातवंडं, सोळा पतवंडं आणि सगळ्यांना पोटात घालून बसलेला कर्ता पुरुष.

दहाच्या पटीत वाढलेल्या माणसाला हा आडमुठेपणा वाटतो. पण १९५६ चा वजनमापांचा कायदा होऊन लिटर अंगवळणी पडेपर्यंत आपणही शेरातच होतो की! शेराचा निम्मा अच्छेर, त्याचा निम्मा पावशेर, त्याचं निम्मं नवटाक. निम्म्याला कागद-पेन्सिल लागत नाही. दोन सारख्या भांड्यांत ओतून पातळी जुळली की झाला हिशेब. दहावा भाग असा डोळ्यांनी करून दाखवा बरं! गॅलनसुद्धा निम्म्या-निम्म्यानंच उतरायचा. अर्ध्या गॅलनचं पॉटल नावाचं माप होतं. ते वापरातून गेलं, म्हणून गॅलन ते क्वार्ट एकदम चारची उडी.

त्यात पाइंट सगळीकडे सारखा नाही. अमेरिकेनं १७०७ सालचा इंग्रजांचा २३१ घन इंचांचा वाइन गॅलनच धरून ठेवला. इंग्रजांनी १८२४ मध्ये दहा पौंड पाण्याचा नवा गॅलन काढला. त्यामुळे न्यू जर्सीतला पाइंट ४७३ मिलिलिटरचा आणि लंडनच्या आत्याकडचा ५६८ चा. आणि न्यू जर्सीतल्या एकाच दुकानात दूध गॅलनात, तर सोडा दोन लिटरच्या बाटलीत.

नातीला गुणाकार-भागाकार येतो. अडतं ते गुणायचं की भागायचं इथे. तीन गॅलन म्हणजे किती कप? ती म्हणते, "आबा, कप छोटा ना, मग उत्तरपण छोटं!" तर्क सरळ आणि साफ उलटा. माप लहान केलं की आकडा फुगतो: तीन गॅलनचे कप ४८, औंस ३८४. दूध थेंबभरही वाढलेलं नसतं.

मोठ्यांना हे बरोबर कळलेलं असतं, पण ते सोयीपुरतं. मैलांऐवजी पावलं मोजायला लागल्यापासून सकाळी फिरणारे सगळेच पराक्रमी झाले आहेत. मित्रांत 'सहा स्मॉल झाले' म्हणून मिशीवर ताव देणारा गृहस्थ डॉक्टरांपुढे 'फार नाही, एकच क्वार्टर' असं नम्रपणे सांगतो. मिलिलिटर दोन्हीकडे १८०. खोटं कुणीच बोललेलं नाही. फक्त ऐकणारा बघून माप निवडलं.

नातीला मी एवढंच सांगतो, आकडा लिहिण्याआधी विचार कर: ओतायला आता जास्त भांडी लागतील की कमी? जास्त तर गुण, कमी तर भाग. आता तिचं उत्तर चुकत नाही. उलट सापडेल ते बदलून बघण्याचा तिला नाद लागला आहे. काल तिनं माझं वय महिन्यांत काढलं. आकडा आठशेच्या वर गेला आणि ती माझ्याकडे डायनासोरकडे बघावं तशी बघू लागली. तेव्हापासून मी वय दशकांत सांगतो. सात. वरचे सुटे हिशेबात धरत नाही.