चूक बोरिवलीची नव्हेच

रोहित शर्माच्या अपयशाबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे आधीच सांगून टाकतो. फलंदाज आहे, कधी चालतो, कधी चालत नाही. त्या अपयशाला जबाबदार कोण, हे रोज मला विचारलं जातं, माझी तक्रार तेवढ्यापुरतीच आहे. मी बोरिवली पश्चिमेला राहतो. हा पत्ता एरवी अगदी निरुपद्रवी आहे. आधार कार्डावर चालतो, गॅस सिलिंडर येतो, लग्नाच्या पत्रिका बिनचूक पोचतात. पण 2024 च्या सप्टेंबरपासून हा पत्ता सांगितला की समोरचा माणूस खुर्ची पुढे ओढतो आणि रोहितला लहानपणी वळण मीच लावलं होतं अशा नजरेने विचारतो, "काय हो, तुमच्या रोहितचं काय झालंय?"

"तुमच्या" या शब्दाकडे लक्ष द्यावं. आमच्या ऑफिसात मुलुंडहून येणारे एक गृहस्थ आहेत. 29 जून 2024 ला बार्बाडोसमध्ये टी-ट्वेंटीचा विश्वचषक जिंकला तेव्हा रोहित "आपला" होता. मुलुंडकरांनी स्वतःच्या पैशाने पेढे वाटले. 17 ऑक्टोबरला बेंगळुरूच्या ढगाळ हवेत त्याने नाणेफेक जिंकून फलंदाजी घेतली, सगळा संघ 46 धावांत परत आला, आणि त्याच दुपारी चहाच्या सुमारास तो "तुमचा" झाला. मालकीतल्या या फेरफाराची कुठलीही पूर्वसूचना मला देण्यात आली नव्हती. मी शांतपणे सांगून पाहिलं, की मुलगा जन्माने नागपूरचा, आई-वडील राहायचे डोंबिवलीला, म्हणजे मध्य रेल्वेवरच, आणि बोरिवलीला तो आजी-आजोबा नि काकांकडे वाढला. मुलुंडकरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वाढला ना? मग संस्कार तिकडचेच."

आकडेही इथेच देऊन टाकतो, म्हणजे कुणी मधेच विचारणार नाही. बांगलादेश, न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलिया मिळून रोहित त्या हंगामात 8 कसोटी खेळला. 15 डाव, 164 धावा, सरासरी 10.93. पन्नाशी एकदाच ओलांडली, बेंगळुरूच्या दुसऱ्या डावात, 52. आणि तिथेही चेंडू व्यवस्थित बचावून खाली ठेवल्यावर तो आपणहून घरंगळत मागे गेला आणि स्टंपांना लागला. हे सगळं मला पाठ आहे. मला क्रिकेटची फार हौस आहे अशातला भाग नाही. पाठ नसेल तर आमच्या डब्यात उभं राहायलाही जागा मिळत नाही.

आमचा डबा म्हणजे सकाळच्या बोरिवली-चर्चगेट फास्टचा सेकंड क्लास. या डब्यात कोर्ट भरतं. कांदिवली-मालाडची मंडळी जागेसाठी उलटी बोरिवलीला येऊन बसलेली असतात, ते न्यायाधीश. दोन बाकांच्या मधे उभे असतात ते वकील. चौथ्या सीटवर अर्धा टेकलेला असतो त्याला मताचा अधिकार आहे, पण निम्माच. मी वकिलांच्या मागे उभा असतो, आणि पुलचा फटका मारताना रोहितचं वजन कुठे चुकतं ते एक वकील रोज छत्रीने करून दाखवतात. वजन मागच्या पायावर यायला हवं, असं त्यांचं म्हणणं. ते येतं. तो मागचा पाय माझ्या पायावर असतो. पावसाळा संपून दिवाळी आली तरी त्यांनी छत्री आणणं सोडलं नाही, यावरून पुरावे गोळा करण्याची त्यांची तळमळ लक्षात यावी.

खापर कुणाच्या डोक्यावर फोडायचं याचा या कोर्टाचा नियम एकच: ते डोकं दहिसर ते अंधेरी या पट्ट्यातलं नसावं. त्यामुळे प्रशिक्षक गौतम गंभीर सगळ्यांच्या सोयीचे पडले. एक तर दिल्लीचे, त्यात जुलैमध्येच कामावर रुजू झालेले. नव्या माणसावर जुन्या फायली टाकायची रीत सगळ्यांनाच ठाऊक आहे. निवड समितीचे अजित आगरकर शिवाजी पार्ककडचे, म्हणजे मुंबईचे असले तरी उपनगरातले नव्हेत, तेव्हा त्यांच्यावरही काही कलमं लागू झाली. खेळपट्टीवर लागली, आयपीएलवर लागली, वेळापत्रकावर लागली. रोहितची बॅट या सगळ्यात साक्षीदार म्हणूनसुद्धा तपासली गेली नाही.

एकदाच पंचाईत झाली. न्यूझीलंडच्या एजाझ पटेलने वानखेडेवर दोन डावांत मिळून 11 बळी घेतले. 2021 मध्ये त्याने याच मैदानावर एका डावातले दहाच्या दहा घेतले होते, तेव्हापासून तो मूळचा मुंबईचा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. एजाझ मुंबईत जन्मला, लहानपण जोगेश्वरीचं, आणि आठ वर्षांचा असताना कुटुंबाबरोबर न्यूझीलंडला गेला. म्हणजे बोरिवलीच्या पोराच्या संघाला गुंडाळलं ते जोगेश्वरीच्या पोराने, आणि जोगेश्वरी तर पट्ट्यातली. कोर्ट क्षणभर गप्प झालं. मग एका न्यायाधीशांनी असा मुद्दा काढला, की 1996 च्या सुमारास त्या कुटुंबाला इथून जाऊच का दिलं? तेव्हा कोण काय करत होतं? यावर पुढे बराच वेळ काथ्याकूट झाला असता. फास्ट गाडी जोगेश्वरीला थांबत नाही, पण चर्चा थांबली, कारण अंधेरीला माणसं चढली आणि कुणालाच श्वास घेता येईना.

त्या वानखेडेच्या कसोटीचा शेवटचा दिवस म्हणजे 3 नोव्हेंबर, भाऊबीज. मी घाटकोपरला बहिणीकडे होतो. 147 धावा करायच्या होत्या. रोहित 11 वर पुल मारायला गेला आणि चेंडू हवेत उडवून बसला. (छत्रीवाले वकील दुसऱ्या दिवशी किती समाधानी दिसले ते सांगण्याची सोय नाही.) ऋषभ पंत एकटा लढत होता, 64 वर पोचला होता. मी पाटावर बसलेलो, कपाळाला कुंकू लागलेलं, बहिणीच्या हातात तबक, आणि तेवढ्यात न्यूझीलंडने पंतविरुद्ध रिव्ह्यू घेतला. भाऊजी म्हणाले, "थांब गं जरा." बॅट चेंडूला लागली की पॅडला, हे तिसऱ्या पंचांनी ठरवेपर्यंत निरांजन एकदा विझलं. ते पुन्हा लावलं तर पंतला बाद दिलं, आणि भाऊजींनी हातवारे करताना दुसऱ्यांदा विझवलं. भाऊजींच्या मते तिथेच सगळं संपलं. रोहितच्या संबंध हंगामाला तो तिसरा पंच जबाबदार. मी म्हटलं, "अहो भाऊजी, पण रोहित त्याआधीच बाद झाला होता." भाऊजी म्हणाले, "तेच तर! मागे पंच असे असतील या दडपणाखालीच तो बाद झाला." भारत 121 वर आटोपला. बारा वर्षं घरच्या मैदानावर एकही कसोटी मालिका न हरलेला संघ 3-0 ने हरला. तीन कसोटींची मालिका घरच्या मैदानावर अशी धुऊन निघायची ही पहिलीच खेप. बहिणीने मला ओवाळलं नाही ते नाहीच. पाकीट मात्र घेतलं.

आता खरी तक्रार. त्याच दिवशी रोहितने पत्रकारांसमोर बसून सांगितलं, की कर्णधार म्हणूनही मी कमी पडलो, फलंदाज म्हणूनही कमी पडलो आणि जबाबदारी माझी. बेंगळुरूनंतरही खेळपट्टी ओळखण्यात आपण चुकल्याचं तो स्वतःच म्हणाला होता. आरोपीने दोनदा कबुली दिली. कुठल्याही देशात इथे कामकाज संपतं आणि लोक आपापल्या घरी जातात. सोमवारी सकाळी मी मोठ्या आशेने गाडी पकडली. वाटलं, आज कांदिवली ते चर्चगेट निवांत डुलकी काढता येईल. पण कोर्टाने कबुलीजबाब सरळ फेटाळला. एवढा मोठ्या मनाचा माणूस आहे, दुसऱ्याच्या चुका अंगावर घेतोय, असं ठरलं, आणि मग तो कुणाला पाठीशी घालतोय हे शोधायला हवं, असंही ठरलं. या नव्या विषयावर मरीन लाइन्सपर्यंत वेळ कसा गेला ते कळलं नाही म्हणे. मला कळला.

ऑस्ट्रेलियात तर प्रकरणाला पाय फुटले. मुलगा झाला म्हणून रोहित पर्थला नव्हता आणि नेमका तिथे यशस्वी जयस्वाल आणि के. एल. राहुल यांनी 201 धावांची सलामी दिली. मग ॲडलेडला त्याने स्वतःची सलामीची जागा राहुलला सोडली आणि सहाव्या क्रमांकावर 3 आणि 6 केल्या. ब्रिस्बेनला 10. मेलबर्नला पुन्हा सलामीला येऊन 3 आणि 9. पाच डावांत 31. सिडनीला कर्णधारच संघाबाहेर बसला. राहुलला जागा देण्याचा मनाचा मोठेपणा आमच्या डब्यात एकमताने राहुलच्या माथी मारण्यात आला: दिली तरी घ्यावी का माणसाने? आमच्या गाडीत अशी उठून कुणी जागा दिल्याचं माझ्या आठवणीत नाही, त्यामुळे त्यावर अनुभवाने बोलणारं कुणीच नव्हतं.

जानेवारीत तो बीकेसीच्या मैदानावर मुंबईकडून रणजी खेळायला उतरला. जम्मू-काश्मीरविरुद्ध 3 आणि 28. कोर्टाचा बेत असा होता, की हे अपयश लहानपणीच्या तंत्रावर ढकलायचं. पण त्यात एक अडचण होती. बोरिवलीच्या स्वामी विवेकानंद शाळेत रोहितला दिनेश लाड सरांनी आणलं. महिन्याची 275 रुपये फी घरच्यांना झेपत नव्हती, ती सरांनी माफ करून घेतली. ऑफस्पिनर म्हणून आलेल्या पोराची फलंदाजी ओळखली ती त्यांनीच. आणि बीकेसीच्या त्याच सामन्यात लाड सरांचाच दुसरा विद्यार्थी, पालघरचा शार्दूल ठाकूर, 51 आणि 119 करून बसला. म्हणजे शिकवण्यात खोट नव्हती. मुंबई तरीही पाच गड्यांनी हरली. शेवटी दोष बीकेसीच्या ट्रॅफिकवर गेला, आणि त्यावर मात्र माझंही काही म्हणणं नव्हतं.

हा छंद नवा नाही. त्याआधीच्या आयपीएलमध्ये मुंबई इंडियन्सने रोहितचं कर्णधारपद काढून हार्दिक पंड्याला दिलं. 1 एप्रिल 2024 ला वानखेडेवर नाणेफेकीच्या वेळी हार्दिकची एवढी हुर्यो उडवली गेली, की संजय मांजरेकरांना माइकवरून प्रेक्षकांना नीट वागायला सांगावं लागलं. संघ 14 पैकी 4 सामने जिंकून तळाला गेला. तीन महिन्यांनी, 4 जुलैला, विश्वचषकाच्या सत्काराला त्याच वानखेडेवर हार्दिकच्या नावाचा जयघोष झाला. आमच्या इमारतीतल्या ज्या मुलाचा घसा एप्रिलमध्ये बसला होता त्याचाच जुलैमध्येही बसला. त्याच्या आईने दोन्ही वेळा हळदीचं दूध आमच्याकडून मागून नेलं. म्हणजे दूध. हळद त्यांची होती.

अमेरिकेत एक फुटबॉल आहे, त्यात चेंडू हाताने फेकतात. धावत जाऊन तो झेलायचा हे एका खेळाडूचं काम. त्याचा हंगाम वाया गेला की तिथलेही लोक अस्सेच भांडतात म्हणे, पण त्यांची सोय बघा: चेंडू फेकणारा आपल्याच संघाचा असतो. झेल सुटला तर फेक वाईट होती म्हणायचं, मोकळं व्हायचं. आपल्याकडे चेंडू टाकणारा समोरच्या संघाचा पॅट कमिन्स. त्याने वाईट टाकले म्हणून आमचा बाद झाला, हे म्हणायलाही जीभ रेटत नाही. आमच्या डब्यात एकाने म्हणून पाहिलं.

एका गोष्टीचा मात्र मला मनापासून राग आहे. बाहेरगावची मंडळी रोहितला चिडवायला "वडापाव" म्हणतात. रोहितला काय म्हणायचं ते म्हणा, तो बघून घेईल. पण फलंदाज 3 वर बाद झाल्याचा राग वड्यावर का? बोरिवली स्टेशनबाहेर ज्याच्या गाडीवर मी खातो त्याच्या वड्याची सरासरी 10.93 कधीच नव्हती. तरी परवा पुण्याचे पाहुणे आले, त्यांच्यापुढे बशी ठेवली तर फिस्सकन हसले, आणि दोन खाल्ले. वड्याचं तेल वांग्यावर काढलेलं आम्ही ऐकून होतो. थेट वड्यावरच काढायची ही नवीन पद्धत आहे.

मे 2025 मध्ये रोहित कसोटीतून निवृत्त झाला. मला वाटलं, सुटलो. तर त्याच महिन्यात वानखेडेवर एका स्टँडला त्याचं नाव दिलं, आणि ते आधी का दिलं नाही, याला जबाबदार कोण, ही सुनावणी सुरू झाली. ऑक्टोबरात एकदिवसीय संघाचं कर्णधारपद शुभमन गिलकडे गेलं. त्या दिवशी आमची गाडी पाच मिनिटं उशिरा आली याचाही संबंध कुणीतरी लावला. आणि 25 ऑक्टोबरला सिडनीत रोहितने नाबाद 121 केल्या, मालिकावीर झाला. अपयशाला कुणी धनी मिळत नव्हता. यशाला आमच्या एकट्या बी विंगेत सहा मिळाले. पैकी एकाने शाळेच्या दिवसांत त्याला पाण्याची बाटली दिली होती.

त्यानंतरच्या आठवड्यात सोसायटीची विशेष सर्वसाधारण सभा होती. विषय एकच: गच्चीतून वरच्या मजल्यावर गळती, जबाबदार कोण. बिल्डर, वॉटरप्रूफिंगवाला, मागची कमिटी, आणि गच्चीत सोलरचे पाइप टाकायला परवानगी देणारे सेक्रेटरी असे मोजून चार पर्याय होते. कोरम नव्हता म्हणून अर्धा तास थांबलो. त्या अर्ध्या तासात बेंगळुरूच्या 46 धावांची जबाबदारी टॉसपासून टॉवेलपर्यंत माणसागणिक निश्चित झाली. मग अध्यक्षांनी गळतीचा विषय घेतला. सगळे छताकडे बघू लागले. चौथ्या मजल्यावरचे काका म्हणाले, की इतक्या घाईने कुणावर ठपका ठेवणं बरं नाही, आधी सगळ्या बाजू बघायला हव्यात. त्याला सात जणांनी अनुमोदन दिलं, आणि विषय पुढच्या सभेवर ढकलण्यात आला. मी सर्वात वरच्या मजल्यावर राहतो.