स्क्रीन आली, कॅमेरा गेला

ॲमस्टलव्हीन, नेदरलँड्स

ती. आई-बाबांना शि. सा. न. वि. वि.

रविवारच्या कॉलवर नुसते आवाज येतात, माणसं दिसत नाहीत, म्हणून तुम्ही काळजीत आहात असं वन्संकडून कळलं. इकडे सगळे खाऊन-पिऊन खुशाल आहेत. आजारी आहे तो लॅपटॉपचा कॅमेरा, आणि त्याला आजारी पाडणारे डॉक्टर म्हणजे तुमचे चिरंजीव.

धाकटीने कीबोर्डवर पेन्सिल ठेवून लॅपटॉप मिटला आणि स्क्रीनला तडा गेला. दुकानात मजुरीचा आकडा ऐकून चिरंजीव ताडकन उठले. इथे माणसाच्या हाताला तासाचा भाव असतो. त्यांनी बँकेचं जुनं कार्ड फटीत सरकवून कडेची प्लास्टिकची चौकट सोडवली, पॅनलच्या पाठीवरचा नंबर उतरवून घेतला, तसंच पॅनल मागवलं. स्क्रू माझ्या चटणीच्या वाटीत. नवी स्क्रीन उजळली तेव्हा घरात शिरा झाला.

शिरा संपायच्या आत कळलं, कॅमेरा गेला.

मग सुरू झालं संशोधन. विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कॅमेऱ्याला परवानगी होती. कीबोर्डवरचं कॅमेऱ्याचं बटण दाबून पाहिलं, लेन्सपुढची सरकपट्टी पाहिली, ड्रायव्हर काढून पुन्हा घातला. दर वेळी लॅपटॉप बंद करून चालू, आणि दर वेळी आपल्या सत्यनारायणाच्या पूजेसारखं सगळ्यांनी समोर बसायचं. थोरल्याने शेवटी शेजाऱ्यांचा यूएसबी कॅमेरा आणून लावला, तर त्यात सगळ्यांचे चेहरे लख्ख दिसले! म्हणजे विंडोजचा दोष नव्हता. शिवाय डिव्हाइस मॅनेजरच्या यादीत घरच्या कॅमेऱ्याचं नावच नव्हतं. नाव असून चित्र काळं आलं तर सेटिंगवर संशय घ्यायचा. नावच नसेल तर बहुधा वायर. एवढं पोराला कळलं, पण वडिलांचं ड्रायव्हर शोधणं चालूच.

शेवटी लॅपटॉप पिशवीत घालून सगळी वरात रिपेअर कॅफेत गेली. ही इथली फार छान पद्धत आहे, बाबांना आवडेल. मार्टिन पोस्टमा नावाच्या पत्रकार बाईंनी २००९ साली ॲमस्टरडॅममध्ये पहिलं रिपेअर कॅफे भरवलं, आता कितीतरी देशांत भरतात. हौशी जाणकार मंडळी मोडक्या वस्तू तुमच्यासोबत बसून दुरुस्त करतात. मजुरी नाही, वर कॉफी.

तिथल्या निवृत्त आजोबांनी पहिला प्रश्न विचारला, ‘स्क्रीन बदलताना बॅटरीची वायर काढली होती ना?’ चिरंजीव एकदम छताकडे बघायला लागले.

आजोबांनी बॅटरी सोडवून चौकट उघडली आणि दाखवलं. कॅमेरा म्हणजे झाकणाच्या वरच्या कडेला बसवलेली करंगळीएवढी पट्टी. आतून तोही यूएसबीच, आणि त्याच्या केसासारख्या बारीक तारा स्क्रीनच्याच केबलबरोबर बिजागरीतून खाली मदरबोर्डाकडे जातात. जुनं पॅनल ओढताना पट्टीवरची इवलीशी पिन अर्धवट निघाली होती. आजोबांनी ती नखाने सरळ आत दाबली. ‘टक्’ झालं, आणि बॅटरी जोडून लॅपटॉप चालू केल्यावर यादीत कॅमेऱ्याचं नाव आलं. चित्र मात्र धुक्यात, कारण लेन्सवर तुमच्या चिरंजीवांचा अंगठा उमटला होता! चष्म्याच्या फडक्याने तोही गेला.

तर येत्या रविवारी सगळे दिसतील. पण आई, रिपेअर कॅफेतून आल्यापासून यांची नजर माझ्या मिक्सरवर आहे. घरघर करतो म्हणे. तो तिकडून आणलेला, त्याचे सुटे भाग इथे मिळत नाहीत. माझं ते ऐकायचे नाहीत, तेव्हा मिक्सरला हात लावू नकोस, हे तुम्हीच त्यांना कॉलवर बजावून सांगा.

तुमची सून