पंचावन्न रुपयांवर करडी नजर

सुरतहून हजिऱ्याच्या रस्त्याला लागलात की इच्छापोर येतं. इथे हिऱ्यांचं जेम अँड ज्वेलरी पार्क, पुढे हजिऱ्याला पोलाद, खत, वायू आणि बंदर. या रस्त्याने किती कोटींचा माल जातो हे सांगायला दहा साहेब पुढे येतील. महिन्याला १४ हजार कमावणारी किती माणसं जातात, हे एकदा विचारून बघा.

सगळ्यांना अचानक मीटिंग असते.

१४ हजार हा आकडा उगाच काढलेला नाही. गुजरातेत महिन्याची कमाई १२ हजारांच्या वर गेली की व्यवसाय कर लागतो, महिना २०० रुपये. केंद्राच्या प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजनेत मात्र १५ हजारांपर्यंत कमावणारा असंघटित कामगार गरजू धरला जातो. म्हणजे १२ ते १५ हजारांमधला माणूस एकाच तारखेला गरजूही असतो आणि करपात्रही.

दिल्लीला त्याची दया येते, गांधीनगरला त्याची आठवण येते.

गंमत पुढेच आहे. मानधन योजनेत चाळिशीत शिरलात तर महिन्याचा हप्ता किती? २०० रुपये. रक्कम तीच, खिसा तोच. पण कराचे २०० मालक पगारातूनच कापतो. फॉर्म नाही, शिबिर नाही, फोटो नाही. पेन्शनचे २०० भरायचे तर आधार आणा, पासबुक आणा, मोबाइल जोडा, सेवा केंद्राच्या रांगेत उभे राहा आणि त्या दिवसाचा खाडा सोसा.

घेताना सरकार कारखान्यात येतं. देताना तुम्हाला बोलावून घेतं.

ही योजना गुजरातच्याच मातीतली. ५ मार्च २०१९ ला अहमदाबादच्या वस्त्रालमध्ये खुद्द पंतप्रधानांनी तिचा शुभारंभ केला. महिनाभर आधी हंगामी अर्थसंकल्प मांडताना पीयूष गोयल यांनी सांगितलं होतं, पाच वर्षांत किमान १० कोटी कामगारांना लाभ मिळेल. पाच वर्षं सरली. नोंदणी ५० लाखांच्या आसपास घुटमळली, आणि त्यातलेही बहुतेक पहिल्याच वर्षभरात आलेले. मग उत्साह एकदम ओसरला कशाने?

लोकसभेची निवडणूक उरकली, इतकंच.

योजना वाईट आहे का? कागदावर मुळीच नाही. अठराव्या वर्षी तुमचे ५५ रुपये, सरकारचे ५५, आणि साठीनंतर महिना ३,००० रुपये. पण २०१९ मध्ये अठरा वर्षांचा असलेला पोरगा साठीला पोचणार २०६१ मध्ये. त्या सालात ३,००० रुपयांत काय येईल? महिन्याचं दूध आलं तरी नशीब. ही रक्कम महागाईशी कुठेच बांधलेली नाही.

अतिशयोक्ती वाटते? मग भविष्यनिर्वाह निधीच्या पेन्शनकडे बघा. तिथली किमान पेन्शन २०१४ मध्ये १,००० रुपये ठरली. मग सिलिंडर वाढला, खोलीभाडं वाढलं, रिक्षा वाढली. २०२५ उजाडलं तरी १,००० रुपये जागचे हलले नव्हते.

पण सरकारला महागाई कळत नाही असं कोण म्हणेल? खासदारांचं वेतन २०१८ च्या कायद्याने महागाई निर्देशांकाला बांधून टाकलंय. दर पाच वर्षांनी आपोआप वाढ. २०२५ मध्ये ते महिना १ लाखावरून १ लाख २४ हजारांवर गेलंसुद्धा. मोर्चा नाही, निवेदन नाही, उपोषण नाही.

सूत्र तयार आहे. कामगाराच्या ओळीत लिहायचं तेवढं राहिलंय.

बरं, साठीपर्यंत हप्ता भरायचा म्हणजे साठीपर्यंत कमाई हवी. हिरे घासायच्या घंटीवर बसणाऱ्या कारागिराला ही हमी कोण देणार? गेल्या दोन-तीन वर्षांत मंदीने कारखान्यांच्या पाळ्या तुटल्या. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरचा कर ५० टक्क्यांवर नेला. ज्याचा पुढचा आठवडा नक्की नाही, त्याला आपण वीस वर्षांचं हप्त्यांचं वेळापत्रक देतोय.

आणि तो हजिऱ्यात ठेकेदाराकडे लागला, ठेकेदाराला सद्बुद्धी सुचली, पीएफ कापला जाऊ लागला, तर? मानधन योजनेतला सरकारचा वाटा थांबतो. परिस्थिती जरा सुधारली रे सुधारली, की प्रोत्साहन बंद.

मे २०२५ मध्ये राज्य सरकारने बेकार रत्नकलाकारांसाठी मदत जाहीर केली. मुलांच्या शाळेची फी, वर्षाला १३,५०० रुपयांपर्यंत. चांगलं केलं, टाळ्या. पण मदत हवी तर आधी तुम्ही रत्नकलाकार होतात हे दाखवा. नगावर मजुरी घेणाऱ्या कितीतरी कारागिरांना आयुष्यात पगाराची चिठ्ठी मिळालेली नसते. वीस वर्षं हिरे घासलेल्या माणसाकडे हिरे घासल्याचा कागद नसतो.

व्यवसाय कर कापताना मात्र कुणाला कागद लागला नव्हता.

आता अटल पेन्शन योजना. २०१५ ची. हिच्या खात्यांची संख्या आठ कोटींवर गेली आहे. आहे ना यश? आहे. फक्त त्यातल्या बहुसंख्य खातेदारांनी सगळ्यात खालचा टप्पा धरलाय, महिना १,००० रुपयांचा. आणि भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीचा निष्कर्ष २०२४ मध्ये बाहेर आला तो असा : योजना सोडून गेलेल्यांपैकी जवळपास तिघांतल्या एकाने ती सोडली, कारण त्याचं खातं त्याला नीट न विचारताच उघडलं होतं.

बचतीची सवय लागली म्हणे. कुणाला? शाखाधिकाऱ्याला.

त्याचाही दोष किती धरणार? वरून टार्गेट येतं. आणि टार्गेट गाठणाऱ्या बँकांचा सत्कार कोण करतं? पेन्शन निधीवर देखरेख ठेवणारं प्राधिकरण, पीएफआरडीए. ज्याने पंचगिरी करायची, तोच जास्त धावांचं बक्षीस वाटतोय. मग नोबॉल कोण देणार?

हा रोग नवा नाही. जनधन खाती २०१४ मध्ये निघाली आणि शून्य शिल्लक असलेल्या खात्यांवरून टीका सुरू झाली. २०१६ मध्ये बातमी फुटली की काही बँकांच्या कर्मचाऱ्यांनीच खात्यांत एकेक रुपया टाकला होता. रात्रीतून खातं ‘शून्य’ राहिलं नाही, अहवाल सुधारला. गरीब होता तिथेच.

एका रुपयात दारिद्र्य हटवण्याचा विक्रम अजून आपल्याच नावावर असावा.

इथवर बचत करणाऱ्याची झडती झाली. हप्ता चुकला तर दंड, अंगठा जुळला नाही तर परत या, नावात काना-मात्रा चुकली तर प्रतिज्ञापत्र. ५५ रुपयांसाठी एवढी करडी नजर असेल, तर कोट्यवधी सांभाळणाऱ्यांवर केवढी असेल!

बघू या.

बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला. बांधकामाच्या खर्चावर उपकर घ्यायचा, राज्याच्या मंडळाकडे जमा करायचा, कामगारांवर खर्च करायचा. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हिशेब मांडला. देशभरात ३७,४०० कोटींहून जास्त उपकर जमला होता आणि कामगारांसाठी वापरले गेले सुमारे ९,५०० कोटी. त्याआधी २०१७ मध्ये सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने न्यायालयाला सांगितलं होतं, या पैशातून लॅपटॉप आणि वॉशिंग मशीन घेतली गेली.

विटा वाहणाऱ्या बाईला वॉशिंग मशीन. नळाला पाणी नाही, झोपडीला मीटर नाही, पण मशीन आहे.

गुजरातचं स्वतःचं उदाहरण हवंय? जून २००५ मध्ये जाहीर झालं की राज्य सरकारच्या जीएसपीसी कंपनीला कृष्णा-गोदावरी खोऱ्यात २० ट्रिलियन घनफूट वायू सापडला. पेढे वाटले गेले. कर्जावर कर्ज काढलं गेलं. कॅगने बोट ठेवलं तेव्हा ते १९ हजार कोटींच्या पुढे गेलेलं होतं. वायू मात्र जाहिरातीएवढा निघालाच नाही. शेवटी २०१७ मध्ये त्या क्षेत्रातला ८० टक्के वाटा ओएनजीसीने घेतला, सुमारे पावणेआठ हजार कोटींना.

ओएनजीसीचा वायू प्रकल्प इच्छापोरच्या पुढेच, हजिऱ्याला. राज्याची चूक केंद्राच्या कंपनीने विकत घेतली आणि दोघांच्याही तिजोरीत पैसा मुळात कुणाचा? त्या रस्त्याने जाणाऱ्या १४ हजारवाल्याचा.

त्याने एक हप्ता चुकवला तर दंड. इथे हजारो कोटी चुकले, तर व्यवहार.

मग कॅग काय करतं? अहवाल लिहितं. चांगले, जाडजूड, आकड्यांसकट. गुजरात विधानसभेत ते मांडले कधी जातात? अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी. ही तिथली जुनी रीत. आमदारांच्या बॅगा भरलेल्या, गाड्या सुरू झालेल्या, आणि टेबलावर अहवाल. चर्चा करायची तर पुढच्या अधिवेशनात. तोवर त्या अहवालातले साहेब निवृत्त.

त्यांची पेन्शन मात्र महागाई भत्त्यासकट.

महाराष्ट्रातल्या वाचकांनी गालात हसू नये. आपल्याकडे पुरुषांना व्यवसाय कर ७,५०० रुपयांच्या पगारापुढेच सुरू होतो. १९७५ मध्ये हा कर आला, तेव्हा निदान कारण तरी होतं : रोजगार हमी योजनेला पैसा हवा होता, शहराच्या पगारातून खेड्यातल्या हाताला काम द्यायचं होतं. आज पगारातून कापल्या जाणाऱ्या त्या रकमेचं काय होतं, हे कापून घेणाऱ्या किती जणांनी कधी विचारलं? आणि आपलं बांधकाम कामगार मंडळ भांड्यांचे संच वाटतंय. कुकर, डबे, ताटल्या. साठीनंतर त्या कुकरात काय शिजवायचं, हे खोक्यावर छापलेलं नाही.

सरकारी निधी म्हणजे सुरक्षित, असंही समजू नका. उत्तर प्रदेशच्या वीज कर्मचाऱ्यांचा भविष्यनिर्वाह निधी डीएचएफएल या खासगी कंपनीत गुंतवला गेला. २०१९ मध्ये कंपनी गाळात गेली आणि २,२०० कोटींहून जास्त रक्कम अडकली. निधीवर विश्वस्त होते, नियम होते, सह्या होत्या.

फक्त पैसा ज्यांचा, त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आता परत सुरतेला, लिंबायत-उधन्यात या. घरात बसून साड्यांवर खडे चिकटवणाऱ्या आपल्या खान्देशी बायका भिशी चालवतात. कुणी किती भरले, कुणाचा नंबर लागला, कुणाचे थकले, सगळं सगळ्याजणींना ठाऊक. ऑडिट दर महिन्याला, चहासोबत. भिशी बुडत नाही का? बुडते ना. पण बुडाली त्याच संध्याकाळी सगळ्या गल्लीला कळतं.

शेवटच्या दिवसापर्यंत अहवाल दाबून ठेवायची सोय तिथे नाही.

म्हणून गरिबाला बचत शिकवायची भाषणं आता पुरेत. तो बचत करतो. गावाकडे पैसे पाठवतो, पोरीच्या लग्नासाठी साठवतो, उचल फेडतो आणि उरलं तर भिशी भरतो. हिशेबाची सवय लावायची आहे ती त्याचा पैसा सांभाळणाऱ्यांना.

करायचं काय, तेही फार अवघड नाही. एक : व्यवसाय कर जसा मालकाकडून वसूल होतो, तसाच पेन्शनचा हप्ता मालकाकडूनच जमा होऊ द्या, आणि १५ हजारांच्या आतल्यांचा करच माफ करा. तेच २०० रुपये त्याच्या म्हातारपणाच्या खात्यात जातील. दोन : खासदारांचं वेतन ज्या निर्देशांकाला बांधलंय, त्यालाच ते ३,००० आणि १,००० रुपयेही बांधा. तीन : कॅगचे अहवाल अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी मांडा. चार : देखरेख करणाऱ्याने बक्षीस समारंभ बंद करावेत.

यातल्या एकाही गोष्टीला नवी योजना लागत नाही, नवं नाव लागत नाही, फोटोही लागत नाही. म्हणूनच होणं कठीण.

तोवर एवढं करा. पुढच्या वेळी तुमच्या गल्लीत बचतीचा मेळावा भरला, मांडव पडला, स्टेजवरून माहिती पुस्तिका वाटली गेली, तर अंगठा द्यायच्या आधी माइक मागून घ्या आणि एवढंच विचारा : मागच्या वर्षीचा ऑडिट रिपोर्ट आणलाय का?