निगेटिव्ह मुराळी

नागपंचमीला बहिणीला माहेरी आणायला जातो तो मुराळी. या कामाला पात्रता फारशी लागत नाही. धुतलेला शर्ट, पिशवीत साडीचोळी आणि बहिणीच्या सासूपुढे तासभर गप्प बसायची तयारी, एवढ्यावर भागतं. २०२१ साली मात्र करोनामुळे मुराळ्याचं नाकही तपासायचं ठरलं.

आमची आक्का बसवकल्याणला दिलेली. उमरग्याहून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की तासाभराची वाट. आजोबा त्यांच्या बहिणीला आणायला तिकडेच बैलगाडी घेऊन जायचे, तेव्हा ही शीव कुणाला दिसत नव्हती. दोन्हीकडे निजामाचंच राज्य. करोडगिरीचा नाका असायचा तो सोलापूरच्या वाटेवर. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यं नव्याने आखली गेली, आम्ही मुंबई राज्यात आलो आणि बसवकल्याणसकट बिदर म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेलं. तरी त्यानंतर साठ-पासष्ट वर्षं मुराळ्याला कुणी अडवलं नव्हतं.

रविवारी मित्राची गाडी घेऊन निघालो. तलमोडच्या टोलनाक्याने फास्टॅगवरून पैसे घेतले आणि माझं तोंडही न बघता दांडा वर केला. पुढे शिवेवर मांडव, मांडवात टेबल, टेबलामागे पोलीस.

"रिपोर्ट?"

मी लशीचं सर्टिफिकेट दाखवलं. एक ऑगस्टपासून ते चालत नव्हतं. महाराष्ट्रातून कर्नाटकात येणाऱ्याला लस घेतलेली असली तरी आरटीपीसीआर हवी, तीही ७२ तासांच्या आतली.

"साहेब, बहिणीला आणायचंय. पंचमी आहे."

"नमगू पंचमी अदरी," तो म्हणाला. म्हणजे आम्हालाही पंचमी आहे. "रिपोर्ट इल्ल, बिडंगिल्ल."

दोन्हीकडचा नागोबा एकच, हे त्याला मान्य होतं. पण नागोबा शीव ओलांडत नव्हता, मी ओलांडत होतो. गाडी वळवली. टोलनाक्याने परतीचेही पैसे घेतले.

आक्काला फोन केला, "दाजींना म्हणावं, शिवेपर्यंत आणून सोडा." मागून सासूबाईंचा आवाज आला. मुराळी दारात आल्याशिवाय सून पाठवायची त्यांच्यात रीत नव्हती. चहाच्या टपरीवर एकाने शेतातून जाणारी वाट सांगितली. पण मी मास्तर. चिखलात गाडी रुतली असती तर ढकलायला माझेच विद्यार्थी आले असते.

सोमवारी सकाळी दहाला नाकात काडी गेली. ती इतकी खोल गेली की मला बसवकल्याणचे, जुन्या कल्याणीचे चालुक्य आठवले. मंगळवार गेला. बुधवारी रात्री नऊला मोबाइल वाजला: निगेटिव्ह. आयुष्यात एवढ्या आनंदाने कुणी मला नकारात्मक म्हटलं नव्हतं. पण ७२ पैकी ५९ तास रिपोर्टच्या वाटेवरच संपले होते.

गुरुवारी पहाटेच मांडवात हजर. पोलीस तोच.

"हा सोमवारचा," तो म्हणाला.

"नमुना सोमवारचा. रिपोर्ट कालचा."

मग वाद रंगला. रिपोर्टचं वय नमुन्यापासून धरायचं की कागदापासून? आक्काच्या याच कल्याणीत विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' लिहिली, बंगाल-आसाम सोडून बहुतेक हिंदुस्थानातल्या हिंदूंच्या वारसाहक्काचा निवाडा केला. पण या मुद्द्यावर तोही काही लिहून गेलेला नाही. शेवटी पोलिसाने बोटांवर तास मोजले. नमुन्यापासून धरलं तरी साडेतीन उरत होते. त्याने वहीत नाव लिहून घेतलं आणि पिशवीकडे बोट केलं.

"एनद?"

"साडीचोळी."

तो पहिल्यांदाच हसला. "होगरी."

बसवकल्याणला सासूबाईंनी मला ओट्यावरच बसवलं. रिपोर्ट मीच आपण होऊन पुढे केला. त्यांनी तो पत्रिका बघावी तसा लांब धरून पाहिला, नातवाकडून वाचून घेतला आणि मग चहा आला, वर तंबिटाचा डबा. आता गप्प बसणं सोपं होतं. तोंडाला मास्कच होता.

परतताना आमच्या बाजूला कुणी काही विचारलं नाही. शुक्रवारी आक्का झोक्यावर बसली, आईने लाह्या पुढे ठेवल्या, आणि तेवढ्यात दाजींचा फोन आला: सोमवारी परत या, येताना सगळ्यांचे रिपोर्ट काढून आणा, नाहीतर शिवेवर अडवतील.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच म्हणाली,

"रिपोर्ट द्यायला सगळ्यात उशीर कुठं लावतात रे?"