छंद : वाचन, प्रवास

गोंदियाकडच्या लग्नाच्या बायोडेटात छंद दोनच असतात : वाचन आणि प्रवास. वाचन म्हणजे मोबाइल, प्रवास म्हणजे नागपूर. एखाद्या पोराने प्रामाणिकपणे 'लिनक्स, स्टार ट्रेक, व्हिडिओ गेम' असं लिहिलं, की मध्यस्थ मामा चष्मा कपाळावर चढवतात. "हे लिनक्स फुकट मिळते म्हणतोस? मग काहीतरी खोट असणारच!" पुढे तोच बायोडेटा मामा ज्या अँड्रॉइड फोनवरून गावभर पाठवतात, त्याच्या पोटात लिनक्स या संगणकप्रणालीचाच गाभा असतो, १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्याने सुरू केलेला. मामांना खोट अजून सापडलेली नाही.

'स्टार ट्रेक'सारख्या विज्ञानमालिकांचं तेच. १९९८ मध्ये दूरदर्शनवर मिलिंद सोमणचा 'कॅप्टन व्योम' अंतराळात हिंडायचा, तेव्हा मामाही बघायचेच. पण पोरांसोबत, पोरांसाठी!

राहिले गेम. रात्रभर पडद्यावर लढाई केली, की पोरगं वाया गेलं. धान कापणीनंतर झाडीपट्टीचं नाटक पहाटेपर्यंत पाहिलं, तर ती संस्कृती. (आहेच, वाद नाही.) खलनायक दोन्हीकडे, तांबारलेले डोळेही दोन्हीकडे. फरक एवढाच, की नाटकाला मामा पहिल्या रांगेत असतात. तेव्हा पोरांनो, दुसरा कंट्रोलर मामांच्या हातात द्या.